सातव्या चौकटीतली बाई

त्या घरात सकाळी आठला घंटा व्हायची आणि आईची बाई व्हायची. घंटा म्हणजे स्टीलचं झाकण आणि डाव. झाकणावर तीन टोले पडले की जेवणाच्या टेबलावरची मीठदाणी, चमचे, कालचं वर्तमानपत्र असा सगळा पसारा बाजूला सरकायचा, पेन्सिली यायच्या, आणि तिथून पुढे तिघा पोरांनी आईला 'अगं आई' म्हणायचं नाही, 'अहो बाई' म्हणायचं, असा नियम होता. दुपारी एकला पुन्हा तीन टोले पडले की बाई गेल्या, आई आली. नियम बाईंनीच केला होता. नियम करण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

ही घरशाळा सुरू होण्याआधी बाई अकरा वर्षं रक्त तपासायच्या लॅबमध्ये होत्या. तिथे नळीवर चिठ्ठी नसेल तर नळी सरळ फेकून देतात. ती सवय त्यांच्या हाडीमाशी खिळली होती. घरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या, खणांवर चिठ्ठ्या, पाण्याच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या. मोज्यांवरसुद्धा त्यांनी कापडी पट्ट्या शिवून 'डावा' आणि 'उजवा' असं लिहून ठेवलं होतं. त्यांचे यजमान चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे, म्हणजे बारीक बघणं हा त्यांचा धंदाच. ते एकदा धीर करून म्हणाले, "अगं, मोज्यांना डावं-उजवं नसतं."

"आपल्या घरातल्या मोज्यांना असतं," बाई म्हणाल्या, आणि विषय मिटला.

पोरं तीन. थोरली बारा वर्षांची. तिला घरात वकील म्हणत, कारण 'ऊठ' म्हटलं तरी ती आधी 'का?' विचारायची आणि उत्तरात खोट काढून पुन्हा झोपायची. मधला नऊ वर्षांचा मौनी. दिवसाकाठी मोजून सात-आठ वाक्यं बोलायचा, बाकीचं चित्रात काढायचा. आणि शेंडेफळ पाच वर्षांचं, त्याचं नाव भोंगा. पोरगी एवढीशी, पण तिला भोंगा का म्हणतात ते शेजारच्या गल्लीलाही विचारावं लागत नसे.

चार वर्षांपूर्वी एका रविवारी उपासनेच्या वेळी बाई चर्चच्या मंडळीपुढे उभ्या राहिल्या आणि त्यांनी साक्ष दिली की मुलांना आपण स्वतःच घरी शिकवावं असं प्रभूने माझ्या मनात घातलं आहे. ते खरंच होतं. त्यासाठी त्यांनी वर्षभर प्रार्थना केली होती. पाळकसाहेबांनी आशीर्वाद दिला, बायकांनी हात हातात घेतले. फक्त नणंद बाहेर पायरीवर थांबली होती. नणंद म्हणजे यजमानांची थोरली बहीण, एका मोठ्या शाळेची मुख्याध्यापिका, हजार पोरांना नुसत्या खाकरण्यावर गप्प करणारी.

"सहा महिन्यांत हात टेकशील," नणंद म्हणाली. "टेकलेस की माझ्याकडे ये. मी काही बोलणार नाही."

'हात टेकशील' हे बाईंनी मनावर घेतलं नाही. 'मी काही बोलणार नाही' हे मात्र त्यांना फार झोंबलं.

पहिली दोन वर्षं बहारीची गेली, यात शंका नाही. सकाळी टेबलाभोवती प्रार्थना आणि एक गाणं, त्यात भोंगा सगळ्यांच्या वरच्या पट्टीत. वजनं शिकताना वकिलाने स्वतःचं दप्तर, उशी आणि शेजाऱ्यांचं मांजर तोललं. मौनीने काचेच्या बरणीत गोगलगाई पाळल्या आणि बाईंनी प्रत्येक गोगलगाईच्या पाठीवर आकडा घातला. बाई हसायच्या, पोरं हसायची, आणि एक वाजल्याचं कोणाच्या लक्षातही यायचं नाही.

मग वेळापत्रक फुगत गेलं. मंडळीतल्या दुसऱ्या एका घरशाळेत पोरं व्हायोलिन वाजवतात असं कळलं, लगेच इथे संगीताची पट्टी लागली. तिसऱ्या घरात दोन परक्या भाषा शिकवतात म्हणे. लागली आणखी एक पट्टी. बघता बघता भिंतीवर रंगीत सोळा पट्ट्या झाल्या. त्यांच्यात एक बारीकशी निळी पट्टी होती: 'दहा वीस ते दहा तीस, बाईंची वैयक्तिक प्रार्थना'.

ही प्रार्थना न्हाणीघरात व्हायची, कारण त्या घरात आतून कडी असलेली तेवढी एकच खोली होती. तिथे एक बादली उपडी घालून बाई बसत. सुरुवातीला ती खरोखर प्रार्थना होती. अलीकडे बाई कडी लावत, नळ सोडत आणि रडत. दहा मिनिटं झाली की तोंड धुऊन, पदर सारखा करून, अपूर्णांक शिकवायला बाहेर येत. घरभर चिठ्ठ्या होत्या, पण त्या बादलीवर काही लिहायचं बाईंना सुचलं नव्हतं.

पोरांचा त्यांना कंटाळा आला होता असं नाही. पोरांवर त्यांचा जीव होता. पण सकाळी पोरांच्या पावलांचा आवाज आला की पोटात गोळा येई, आणि तो आला याची लाज वाटून दुसरा गोळा येई. भोंग्याच्या गमतींवर हसू येईनासं झालं. एक वाजताची घंटा कधी बंद पडली ते कोणालाच आठवत नव्हतं. बाई दुपारी इस्त्री करताकरता शुद्धलेखन सांगायच्या, संध्याकाळी बटाटे सोलताना पाढे ऐकायच्या, आणि रविवारी उपासनेहून आल्या की वह्यांचा गठ्ठा आणि लाल पेन घेऊन बसायच्या. पोरं त्यांना दिवसभर 'अहो बाई'च म्हणू लागली होती. एकदा भोंगा झोपेत घाबरली तेव्हासुद्धा "अहो बाई!" म्हणून ओरडली.

यजमान म्हणायचे, "रविवारी तरी जरा टेक."

"मी टेकले तर बघणार कोण?"

"मी बघतो."

ते बघायचेही. पण त्यांनी फरशी पुसली की बाई मागून पुन्हा पुसायच्या. त्यांनी विज्ञान शिकवलं की बाई दुसऱ्या दिवशी तेच विज्ञान नीट शिकवायच्या. शेवटी बिचारे आपल्या काचा घासत गप्प बसले.

एका मंगळवारी अपूर्णांकांवरून गाडी अडली. मौनी वहीच्या कडेला जिराफ काढत होता आणि एक षष्ठांश म्हणजे किती ते त्याला काही केल्या सांगता येईना. बाई ओरडल्या. साधं ओरडणं नाही, घसा फाटेपर्यंत. हातातली पेन्सिल आपटली ती दोन तुकडे होऊन टेबलाखाली गेली. मौनी खाली वाकला, त्याने दोन्ही तुकडे उचलले आणि 'पेन्सिली' अशी चिठ्ठी लावलेल्या डब्यात शेजारी शेजारी ठेवले. तो रडला असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

त्या दुपारी त्यांनी नणंदेच्या शाळेतून प्रवेशाचे तीन फॉर्म आणले, भरले आणि सही केली. शेवटची तारीख शुक्रवार होती. 'प्रभू, तुला दिलेला शब्द मी मोडतेय,' त्या मनात म्हणाल्या, 'पण मला झेपत नाही रे.' आणि फॉर्म पर्समध्ये घातले. गुरुवारी नणंद भेटणारच होती, तेव्हाच तिच्या हातात द्यायचे आणि मोकळं व्हायचं, असं ठरलं.

आता गुरुवारची गंमत अशी की त्या दिवशी मंडळीच्या सभागृहात बायकांची सभा होती, भिंतीभर घरशाळेतल्या पोरांच्या कामाचं प्रदर्शन होतं, आणि पाळकीणबाईंनी महिनाभर आधी बाईंना गळ घालून भाषण ठरवलं होतं. विषय, 'आनंदी घरशाळा'. बाईंनी चार पानी भाषण लिहून त्याला 'साक्ष' अशी चिठ्ठीही लावली होती. एका कप्प्यात आनंदी घरशाळा, दुसऱ्या कप्प्यात ती बंद करायचे फॉर्म, अशी ती पर्स काखेत मारून आणि तिघा पोरांना घेऊन बाई सभागृहात शिरल्या.

मौनीने बायबलमधली सृष्टीच्या निर्मितीची सात दिवसांची गोष्ट सात चौकटींत काढली होती. बाईंनी पहिल्या तीन चौकटी पूर्वी पाहून त्यावर बरोबरची खूण केली होती, पुढच्या बघायला वेळ झाला नव्हता. पहिल्या चौकटीत उजेड, दुसरीत आभाळ, असं करत सहावीत सगळे प्राणी, त्यातल्या जिराफाची मान पाचवीत घुसलेली. त्या चित्रांभोवती दहा-बारा बायका जमल्या होत्या आणि सातव्या चौकटीकडे बघून तोंडावर पदर, रुमाल, जे हाताला लागेल ते धरत होत्या. बाई वाट काढत पुढे गेल्या.

सातव्या चौकटीत एक भलामोठा ढग होता. ढगावर पांघरूण, आणि पांघरुणातून बाहेर आलेले दोन प्रचंड अनवाणी पाय. दहाही बोटं सुखाने फाकलेली. आणि खाली कोपऱ्यात एक एवढीशी बाई, केस उभे राहिलेले. ती एका हाताने काठीने सूर्य वर ढकलत होती, दुसऱ्या हातात लाल पेन, काखेत इस्त्री, आणि एका पायाने ती पळून जाणाऱ्या हत्तीला अडवत होती.

"आणि ही कोण रे, बाळा?" पाळकीणबाईंनी विचारलं.

"बाई," मौनी म्हणाला.

"त्या काय करतायत?"

मौनीने त्या दिवसाच्या सात-आठांतली दोन वाक्यं खर्च केली. "देव आराम करतोय ना. म्हणून सगळं बाई बघतायत."

"तो काही मनाचं काढत नाही," वकील भावाच्या बाजूने उभी राहिली. "जसं दिसतं तसंच काढतो." आणि भोंग्याला वाटलं आपणही काहीतरी सांगावं. "आमच्या बाई न्हाणीघरात बादलीवर बसून प्रार्थना करतात!" हे सभागृहाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत गेलं. "नळ सोडतात! आणि खूप रडतात!"

बाईंना वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. त्यांनी चित्राकडे पाहिलं. ते निवांत पाय, ती केस पिंजारलेली बाई, तो हत्ती. हत्तीच्या चेहऱ्यावर एवढी काकुळती होती की बाईंच्या पोटातून काहीतरी वर आलं. त्यांना वाटलं रडू आहे. ते हसू होतं. आधी फुसकन, मग मोठ्याने, मग असं की त्यांना खुर्ची द्यावी लागली. कितीतरी महिन्यांत त्या हसल्या नव्हत्या, आणि साचलेलं सगळं एकदमच आलं. "हत्ती!" एवढंच त्या डोळे पुसत म्हणत होत्या, "अहो, तो हत्ती बघा!"

भाषणाची वेळ झाली तेव्हा बाईंनी ती चार पानं घडी करून पाळकीणबाईंच्या हातात दिली.

"हे सगळं खोटं आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे दोन वर्षांपूर्वी खरं होतं. आता भोंगा म्हणाली ते खरं. मी बादलीवर बसते. मंगळवारी मी पोरावर इतकी ओरडले की मलाच माझी भीती वाटली. मी देवाचं नाव घेऊन काम सुरू केलं आणि मग त्याला बाजूला सारून सगळं स्वतःच्या डोक्यावर घेतलं. माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला ते दिसलं, मला दिसलं नाही."

एवढं बोलून त्या खाली बसल्या. मागच्या रांगेतून बेकरीवाली उठली, तिची जुळी पोरं घरीच शिकतात. "मी गाडीत बसते," ती म्हणाली. "गाडी चालू करत नाही. नुसती बसते." एक नर्स म्हणाली की ती कपाटात तोंड घालून उभी राहते आणि कोणी विचारलं तर शाल शोधतेय म्हणून सांगते. सगळ्यांत शेवटी पाळकीणबाई घसा खाकरून म्हणाल्या, "मी गाण्यांची पुस्तकं मोजायला जाते. त्या मागच्या खोलीत. अठ्ठेचाळीस आहेत." मग जरा थांबून, "वीस वर्षं मोजतेय. अठ्ठेचाळीसच आहेत."

त्यानंतर सभेत जो गोंधळ झाला त्याला आनंदी म्हणायला काहीच हरकत नाही.

सभा संपल्यावर नणंद पायरीवर उभी होती, चार वर्षांपूर्वी होती तिथेच. बाईंनी पर्स उघडली आणि तीन फॉर्म तिच्यापुढे धरले.

"घ्या ताई. टेकले हात. बोला आता काय बोलायचं ते."

"मी बोलणार नाही म्हटलं होतं," नणंद म्हणाली. तिने चष्मा लावून तिन्ही फॉर्म सावकाश वाचले. "अक्षर छान आहे. मला सांग, तुझ्या शाळेत मुख्याध्यापक कोण?"

"मीच."

"आणि शिपाई?"

"मीच की."

"मग तुला रजा हवी झाली तर मागतेस कोणाकडे?"

बाईंनी नुसतं बोट वर केलं.

"मागितलीस कधी?"

"नाही."

"अगं, त्याने ती पहिल्याच आठवड्यात देऊन ठेवलीय. तुझ्याच पोराने आत भिंतीवर काढलीय." नणंदेने फॉर्म घडी करून परत बाईंच्या पर्समध्ये कोंबले. "दमलेल्या माणसाची सही मी चालवून घेत नाही. शेवटची तारीख मीच ठरवते, तेव्हा तुझ्या तीन जागा मी दहा दिवस धरून ठेवते. आठवडाभर शाळेला कुलूप लाव. झोप काढ. मग ठरव. पोरं माझ्याकडे आली तर मी जिवापाड सांभाळीन, आणि त्याने तुझा देवाला दिलेला शब्दही मोडणार नाही. तू पोरांना वाढवायचा शब्द दिलास ना? स्वतःला मारून टाकायचा नाही दिलास."

बाईंनी भर पायरीवर नणंदेला मिठी मारली. हजार पोरांना गप्प करणारी ती बाई कमालीची लाजली आणि "पुरे, पुरे, चष्मा वाकेल" म्हणाली.

सोमवारपासून सुट्टी सुरू झाली, पण ती सोपी नव्हती. वकिलाने ती लेखी मागितली, तेव्हा बाईंनी स्वतःलाच रजेचा अर्ज लिहून स्वतःच मंजूर केला. पहिल्या दिवशी त्या खुर्चीतून अकरा वेळा उठल्या आणि यजमानांनी अकरा वेळा "बस" म्हटलं. यजमानांनी फरशी पुसली आणि कपाटापाशी एक पट्टा कोरडा राहिला. बाईंचा जीव वरखाली झाला. फडक्यापर्यंत गेलेला हात त्यांनी मागे घेतला, आणि तो पट्टा आठवडाभर तसाच राहिला. त्याने कोणाचं काही बिघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या अकरापर्यंत झोपल्या आणि दचकून उठल्या. घर जागेवर होतं. सूर्यही आपला आपण वर आला होता. बटाट्यांची सालं जरा जाड निघाली होती, एवढंच. तिसऱ्या दिवशी नणंद, म्हणजे पोरांची आत्या, केक घेऊन आली. केक कापायचं काम मौनीकडे आलं. त्याने घरातली माणसं मोजली, आत्याला धरून सहा, सुरी फिरवली आणि पहिला तुकडा आत्याच्या ताटलीत ठेवत म्हणाला, "एक षष्ठांश." कोणी विचारलं नव्हतं. वकिलाने सगळे तुकडे डोळ्याने तपासले आणि तक्रारीला जागा सापडली नाही. बाईंनी जीभ आवरली, शाबासकीसुद्धा दिली नाही. फक्त आपला एक षष्ठांश पोराच्या ताटलीत सरकवला.

शनिवारी दहा वीसला सवयीने त्या न्हाणीघरात गेल्या, बादलीवर बसल्या, नळाला हात घातला, पण नळ सोडलाच नाही. "प्रभू," त्या म्हणाल्या, "आज काही काम नाही. सहज आले होते."

रविवारी उपासनेहून आल्यावर त्यांनी आरामखुर्ची खिडकीशी ओढली, पाय स्टुलावर टाकले आणि काहीही केलं नाही. भोंगा गोगलगाईंना गाणं शिकवत होती, तेही वरच्या पट्टीत, आणि बाई हसून हसून बेजार झाल्या. त्यांना आतून जाणवलं की उद्या या पोरांना घेऊन टेबलाशी बसावंसं वाटतंय. बसावं लागणार आहे असं नाही. बसावंसं वाटतंय. त्यांनी दोनदा तपासून पाहिलं, लॅबमध्ये तपासायच्या तसं. दोन्ही वेळा तेच आलं.

संध्याकाळी नणंदेचा फोन आला. "फॉर्मचं काय ठरलं?"

"ताई, भोंग्याने मागच्या बाजूला हत्ती काढलाय."

"तिन्हींवर?"

"मोठा हत्ती आहे."

पलीकडून बराच वेळ नुसतं हसू आलं. "बरं," नणंद म्हणाली, "बुधवारी दुपारी मी गणिताला येते. त्या वेळात तू घरात दिसलीस तर मी शिकवणार नाही."

सोमवारी भिंतीवर नवं वेळापत्रक लागलं. पट्ट्या सात. शनिवारच्या विज्ञानावर यजमानांचं नाव, रविवार कोरा. आठला टोले पडले, अपूर्णांक झाले, गाणं झालं, आणि बरोबर एकला बाईंनी झाकण आणि डाव भोंग्याच्या हातात दिले. शाळा सुटल्याचं अख्ख्या गल्लीला कळलं.

"आई," मौनी म्हणाला. टोल्यांचा आवाज अजून हवेत होता. त्याने पाठीमागे धरलेला कागद पुढे केला. सातव्या चौकटीच्या मापाचा होता.

तोच ढग, तेच पांघरूण, तेच दोन प्रचंड पाय. हत्ती मोकळा चरत होता, सूर्य आपल्या जागी होता, त्याला काठी लागत नव्हती. आणि त्याच पांघरुणातून, त्या मोठ्या पायांच्या शेजारी, आणखी दोन लहान पाय बाहेर आले होते. त्यांत मोजे होते, आणि मोज्यांवर पट्ट्या. एकावर लिहिलं होतं 'डावा', दुसऱ्यावर 'उजवा'.

आईने चित्र डोळ्यांजवळ नेलं. सवय जाईना. "अरे," ती म्हणाली, "उलटे झालेत की. डावा उजव्या पायात घातलाय."

"आई," मौनी म्हणाला, "मोज्यांना डावं-उजवं नसतं."

आई खूप हसली. मग तिने डिंक आणला, आणि दोघांनी मिळून तो कागद सातव्या चौकटीवर चिकटवला.